चिंध्यांच्या झऱ्यापाशी

सासरे गेले त्याच्या पुढच्या वर्षी, एप्रिलमध्ये, सासूबाई सहा महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे लंडनजवळ वॉटफर्डला आल्या. फार काही मागणाऱ्या त्या नव्हेत. पण आल्या आठवड्यातच त्यांनी माझ्या नवऱ्याला सांगितलं, "मला स्कॉटलंड दाखव." सासरे दर सव्वीस जानेवारीला टीव्हीसमोर बसून परेड बघायचे आणि लष्कराचं बॅगपाइपवालं पथक आलं की आवाज वाढवायचे. हे वाद्य जिथलं आहे तिथे जाऊन एकदा ऐकायचं, असं त्यांचं ठरलेलं होतं. ते राहून गेलं. म्हणून मेच्या हाफ-टर्मच्या सुट्टीत आम्ही चौघं गाडीनं निघालो: नवरा, मी, आमची दहा वर्षांची मुलगी आणि सासूबाई.

हॉटेलात सासूबाईंच्या खाण्याचं जमलं नसतं. नवऱ्यानं पश्चिम किनाऱ्यावर एक सेल्फ-केटरिंग कॉटेज घेतलं होतं, म्हणजे घर त्यांचं आणि स्वयंपाक आपला. डिकीत कुकर, मसाल्याचा डबा, पोहे, तूरडाळ आणि सासूबाईंचं पोळपाट-लाटणं. ग्लासगोपर्यंत मी मजेत होते. तिथे एका चौकात घागरा घातलेला एक जण बॅगपाइप वाजवत उभा होता. सासूबाई त्याच्यासमोर पदर सावरून उभ्या राहिल्या आणि तो थांबेपर्यंत हलल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा प्रसन्न होता.

ग्लासगो मागे पडलं आणि मला भीती वाटायला लागली. रस्ता एका गाडीपुरता झाला. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काळं पाणी, मध्ये कठडा नाही. समोरून गाडी आली की कुणी तरी मागे जाऊन रुंद जागा गाठायची. प्रत्येक वळणावर मी पायानं नसलेला ब्रेक दाबत होते. मोबाइलच्या रेघा एकेक करत गेल्या आणि मग "नो सर्व्हिस" आलं. नवरा म्हणाला, "बरंच आहे, ऑफिसचे फोन यायचे नाहीत." मला सारखं वाटत होतं, की इथे कुणाला काही झालं तर काय.

कॉटेज समुद्राच्या एका खाडीवर होतं. पांढरं, बुटकं, जाड भिंतींचं. शेजारी मालकिणीचं घर आणि तिच्या मेंढ्या, बाकी नजर पोचेल तिथवर कुणी नाही. दार उघडलं तर आत सगळं स्कॉटलंड कोंबून भरलेलं. उशांवर, पडद्यांवर चौकटीचं लाल-हिरवं टार्टन. भिंतीवर हरणाची शिंगं आणि केसाळ गाईचं चित्र. भांडी पुसायच्या फडक्यांवर किल्ले, बिस्किटांच्या डब्यावर बॅगपाइपवाला, खिडकीत तिथल्या दंतकथेतल्या तळ्याच्या राक्षसाचं हिरवं मऊ खेळणं. सासूबाई एकेका वस्तूला हात लावून बघत होत्या.

मालकीणबाई साठीच्या होत्या, उंच आणि तुटक बोलणाऱ्या. त्या हसून म्हणाल्या, "हे सगळं पाहुण्यांसाठी. माझ्या आजीच्या घरी टार्टनची एक चिंधीही नव्हती. पण पाहुणे येतात आणि विचारतात, स्कॉटलंड कुठे आहे? म्हणून मी ते इथे मांडून ठेवलंय."

त्यांनी हीटिंग कसं लावायचं ते दाखवलं, अंडी दिली आणि खिडकीतून बोट करून समोरचं बेट दाखवलं. ओहोटीला वाळूवरून चालत तिथे जाता येतं. बेटावर एक पडकं चॅपल, म्हणजे लहानसं चर्च, आहे आणि त्याच्यामागे एका संताच्या नावाचा झरा. आजारी माणसं कापड त्या पाण्यात भिजवायची, दुखतं तिथे लावायची आणि शेजारच्या झाडाला बांधायची. कापड कुजत जातं तसं दुखणं जातं. मी हे मराठीत सांगितलं तशा सासूबाई खुलल्या. "आमच्या माहेरी घाटात असंच झाड होतं," त्या म्हणाल्या. "येणारा-जाणारा चिंधी बांधायचा."

मालकीणबाईंनी मला आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती सांगताना त्या हसत नव्हत्या. "इथे भरती पाठीमागून येते. तुम्ही बेटावर असता, तिथली वाळू कोरडी असते, आणि इथे किनाऱ्यालगतचा खोलगट भाग आधी भरतो. समुद्राकडे बघत बसू नका. अजून भरपूर वेळ आहे असं वाटत असतानाच निघा."

मुलीला मात्र मालकीणबाईंच्या दुसऱ्याच गोष्टीनं घेरलं होतं. जेवताना ती आजीला सांगायला लागली, "आजी, इथे पाण्यातून एक घोडा येते. खूप सुंदर असते. मुलं त्याच्यावर बसतात आणि त्याची पाठ स्टिकी असतो. मग हात निघतच नाही. मग तो पाण्यात जाते."

"मुलांना घेऊन?"

"हो. फक्त त्यांचं लिव्हर परत येते."

"शी," सासूबाई म्हणाल्या आणि तिच्या पानात तूप वाढलं. मी हसले. पण त्या रात्री खिडकीशी वारा घुमायला लागला तेव्हा मी उठून दाराची कडी पुन्हा बघून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याची कंबर धरली. एवढं ड्रायव्हिंग केल्याचा तो परिणाम. त्याला सरळ उभंही राहता येईना. आम्ही त्याला टार्टनच्या उशा लावून सोफ्यावर झोपवलं. ऊन पडलं होतं, ओहोटी होती, बेटापर्यंतची वाळू चकाकत होती. सासूबाई म्हणाल्या, "आपण तिघी जाऊन येऊ. त्याला झोपू दे." त्यांनी सलवार-कमीजवर माझ्या नवऱ्याचा स्वेटर चढवला, त्यावर कोट. गुडघ्याला बांधायची जुन्या सुती साडीची पट्टी खिशात घातली. दुपारच्या जेवणाला परत येतो, असं नवऱ्याला सांगून आम्ही निघालो.

वाळू घट्ट होती, चालायला सोपी. किनाऱ्यालगतच्या खोलगट भागात घोट्याखाली पाणी होतं, बस. मुलगी वेलीज, म्हणजे रबरी गमबूट, घालून आणि पाठीला रकसॅक लावून पुढे पळत होती. बेटावर पोचल्यावर थोडी चढण, गवत, मग चॅपल. छप्पर नाही, चार भिंती आणि आत खाजऱ्या झुडपांचं रान. मागे तो झरा, म्हणजे दगडांत साठलेलं ओंजळभर पाणी, आणि शेजारी वाऱ्यानं वाकलेलं एक काटेरी झाड. झाडभर चिंध्या. काही नव्या, लाल-निळ्या. बाकी इतक्या जुन्या, की शेवाळं का कापड ते कळू नये. एक लहान बाळाचा मोजा होता. तो बघून मी मान फिरवली.

सासूबाईंनी पट्टीतून एक लांब चिंधी फाडली, झऱ्यात बुडवली. ती त्या गुडघ्याला लावतील असं मी धरून चालले होते. त्यांनी ती कपाळाला लावली. बराच वेळ, डोळे मिटून. पाणी नाकावरून ओघळत होतं. मग त्यांनी ती फांदीला बांधली आणि गाठ दोनदा ओढून पाहिली. कपाळाला लावणं म्हणजे त्यांचा नमस्कार, असं मी समजले.

घड्याळ माझ्या लक्षात होतं. मी म्हणाले, "आई, निघू या." त्या म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे, मी आलेच." मुलगी शिंपले वेचत होती, तिची पिशवी बांधून द्यायला मी वाकले, आणि वर पाहिलं तर सासूबाई नव्हत्या.

आधी मला काही वाटलं नाही. चॅपलच्या आत असतील. नव्हत्या. भिंतीच्या मागे नव्हत्या. मी हाक मारली, उत्तर आलं नाही. तेवढ्यात समुद्रावरून धुकं आलं. मी असं धुकं कधी पाहिलं नव्हतं. ते उतरलं नाही, चालत आलं. आधी बाहेरचे खडक गेले, मग चॅपलची एक भिंत गेली. मी मुलीचा हात इतका घट्ट धरला, की ती म्हणाली, "आई, दुखतो."

त्या बेटाच्या पलीकडच्या अंगाला सापडल्या. खडकाच्या कडेला उभ्या, खाली लाटा. मी हळू चालत गेले आणि त्यांचा दंड धरला.

"इथे काय करताय?"

"रस्ता बघत होते," त्या म्हणाल्या. "हा खाली जातो ना घराकडे?"

"नाही आई. घर तिकडे."

"हो का," त्या म्हणाल्या आणि माझ्याबरोबर वळल्या. धुक्यामुळे दिशा चुकली असेल, मी मनाशी म्हटलं. कुणाचीही चुकली असती.

वाळूवर उतरलो तेव्हा ती कोरडीच होती. मला हायसं वाटलं. सकाळचे आमचेच पाय उमटलेले होते, त्यांच्या मागे मागे आम्ही चालत राहिलो. धुक्यात किनारा दिसत नव्हता, फक्त मेंढ्यांचा आवाज येत होता. आणि मग पावलांच्या खुणा संपल्या आणि पुढे पाणी होतं.

सकाळी घोट्याखाली असलेला तो खोलगट पट्टा आता रस्त्याएवढा रुंद झाला होता आणि वाहत होता. नदीसारखा. आवाज न करता. पलीकडे किनाऱ्याचे दगड पुसट दिसत होते. एवढे जवळ, की मालकीणबाईंच्या कुंपणाचे खांबही दिसत होते.

मी मुलीला पाठीवर घेतलं. सासूबाईंना म्हणाले, "हिला पलीकडे सोडते आणि तुम्हाला न्यायला येते. इथेच थांबा, हलू नका." बूट घालूनच मी आत शिरले. त्या थंडीला थंडी म्हणत नाहीत. पाय कापल्यासारखे झाले. गुडघ्यापर्यंत ठीक होतं. मांडीपर्यंत आलं तेव्हा पाणी मला बाजूला ढकलायला लागलं. मी पाय टेकवायची आणि पायाखालची वाळू निघून जायची. मुलगी माझ्या मानेला लटकली होती. ती रडत नव्हती, काही बोलत नव्हती. तिचा श्वास फक्त कानाशी ऐकू येत होता, भराभर.

मागून सासूबाईंचा आवाज आला. "परत फीर."

"थोडंच राहिलंय, आई."

"परत फीर म्हणते ना. ती सुटेल तुझ्या हातून."

आणखी एक पाऊल टाकलं आणि तळ लागलाच नाही. मी कमरेपर्यंत गेले, मग छातीपर्यंत, आणि आडवी झाले. खारं पाणी नाकातोंडात गेलं. मुलीच्या वेलीज भरल्या आणि ती दगडासारखी जड झाली. मला त्या क्षणाचं नीट आठवत नाही. तिच्या कोटाची टोपी मुठीत होती आणि मी मागे, ज्या बाजूला उथळ असेल त्या बाजूला, अक्षरशः रांगत होते, एवढंच आठवतं. सासूबाई मांडीभर पाण्यात येऊन उभ्या होत्या. त्यांनी मुलीची रकसॅक धरून तिला खेचलं.

आम्ही वाळूवर आलो. मुलगी खोकली, पाणी ओकली. माझा फोन कोटाच्या खिशात होता. तो काळा पडला तो पडलाच.

"बेटावर चला," मी म्हणाले. "लवकर."

दोन्ही बाजूंनी पाणी पातळ चादरीसारखं वाळूवर पसरत येत होतं. पाय उचलला, की मागच्या खुणेत पाणी. सासूबाईंच्या गुडघ्याला घाई जमत नव्हती. मी एका हाताने त्यांना आणि एका हाताने मुलीला ओढत होते. आणि मध्येच, अर्ध्या वाटेवर, सासूबाई थांबल्या.

"आपण कुठे चाललोय?" त्यांनी विचारलं.

त्यांचा आवाज अगदी साधा होता, बाजारातून येताना विचारावं तसा. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत होत्या, पण मला बघत नव्हत्या. पाण्यात पडले तेव्हा मी घाबरले होते. पण ते घाबरणं वेगळं होतं, तेव्हा हातपाय काही तरी करत होते. इथे मला काय करावं तेच सुचेना. पाणी आमच्या बुटांवरून गेलं.

मुलगी म्हणाली, "आजी, चल. मला थंडी वाजतो." तिनं आजीचा हात धरला आणि त्या चालू लागल्या.

चॅपलच्या एका कोपऱ्यात वारा कमी लागत होता. तिथे आम्ही बसलो. मुलीचे दात वाजत होते, ओठ निळसर दिसत होते. मी तिच्या कोटाची चेन उघडायला गेले तर माझी बोटं चालेनात. आणि इथे सासूबाई एकदम पहिल्यासारख्या झाल्या. त्यांनी मला बाजूला केलं, मुलीचे ओले कपडे उतरवले, स्वतःचा कोट आणि नवऱ्याचा स्वेटर काढला, स्वेटरमध्ये तिला घातलं आणि वरून कोटात गुंडाळून मांडीवर घेतलं. तिचे तळवे काखेत धरले. "तू पण ये," त्या मला म्हणाल्या. "चिकटून बस. लाजू नकोस."

मी चिकटून बसले. त्यांच्या अंगात फक्त कमीज होतं आणि त्या थरथरत होत्या. मी माझ्या ओल्या कोटानं त्यांची पाठ झाकली, त्याचा किती उपयोग झाला कुणास ठाऊक. पाणी किती वेळात उतरेल याचा मी हिशेब करत होते आणि तो हिशेब माझ्या मुलीच्या ओठांच्या रंगाशी जुळत नव्हता.

काही वेळानं सासूबाई म्हणाल्या, "वहिनी, दिवेलागणीच्या आत पोचू ना आपण?"

त्यांची वहिनी, म्हणजे माहेरची थोरली भावजय, माझं लग्न व्हायच्या आधीच वारली होती.

"पोचू," मी म्हणाले. दुसरं काही सुचलं नाही.

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. तिला वहिनी म्हणजे कोण ते माहीत नव्हतं, पण काही तरी चुकलंय हे तिला कळलं होतं. ती हलक्या आवाजात इंग्रजीत म्हणाली, की आजी आपल्या घरीही कधी कधी असं करते. मी शाळेतून येते तेव्हा मला विचारते, तू कुणाची. मग ती म्हणते, आईला सांगू नको.

पावसाचे बारीक थेंब यायला लागले होते. सासूबाई एकदम माझ्याकडे वळल्या आणि त्यांनी माझा हात धरला. आता त्या मला बघत होत्या.

"मी काही तरी बोलले का गं?"

"वहिनी म्हणालात."

त्या म्हणाल्या, "हे गेल्यापासून होतंय. आधी वाटलं, दुःखामुळे असेल. मग एकदा बँकेतून घरी यायचा रस्ता सापडेना. लक्ष्मी रोडवर, आयुष्य गेलं तिथे. रिक्षावाल्याला पत्ता सांगता येईना." मुलीच्या केसांतली वाळू त्या बोटानं काढत होत्या. "पाण्याची नाही गं भीती वाटत मला. याची वाटते. कपाळाला लावली ती चिंधी त्यासाठीच."

"मला सांगायचं होतंत."

"सांगितलं की खरं होतं ना."

मला रडू आलं, पण मी रडले नाही, कारण मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती.

त्यानंतर किती वेळ गेला मी सांगू शकत नाही. धुकं तसंच होतं. मुलगी पेंगायला लागली आणि थंडीत झोपू द्यायचं नसतं एवढं मला माहीत होतं, म्हणून मी तिला पाढे म्हणायला लावले. तिला ते इंग्रजीत येतात. सासूबाई शेजारी मराठीत म्हणत होत्या, बे एके बे, आणि त्यांचा एकही चुकत नव्हता. मला ते ऐकून आशाही वाटत होती आणि भीतीही.

मग इंजिनचा आवाज आला. लांब, पाण्यावरून. मी उठून कड्याकडे धावले आणि ओरडले. आवाज जवळ आला आणि पुन्हा लांब गेला. मी ओरडत राहिले, पण वारा तोंडावर होता आणि माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. ते निघून जाणार, मला वाटलं. ते निघून जाणार आणि त्यांना वाटेल इथे कुणी नाही.

तेवढ्यात मागून शिट्टी वाजली. मुलीच्या रकसॅकच्या छातीवरच्या बकलमध्ये एक बारीक शिट्टी असते. असल्या सगळ्या रकसॅकना असते, मी कधी लक्ष दिलं नव्हतं. शाळेच्या कॅम्पमध्ये तिला ती शिकवली होती. आजीच्या कोटात गुंडाळलेली, अनवाणी, ती पडक्या भिंतीपाशी उभी राहून शिट्टी वाजवत होती. थांबत होती, पुन्हा वाजवत होती. इंजिनचा आवाज वळला.

नारिंगी रंगाची रबरी बोट धुक्यातून आली. त्यात तिघं होते, गावातलेच स्वयंसेवक. जेवायची वेळ टळून गेली तसा नवरा कसाबसा भिंतीला धरून दारापर्यंत आला होता आणि बाहेर पाणी बघितल्यावर मालकीणबाईंच्या घरापर्यंत, चारदा बसत, पोचला होता. त्यांच्या लँडलाइनवरून त्यांनी बोट बोलावली. बोटीतल्या बाईंनी मुलीला चकाकत्या कागदासारख्या ब्लँकेटमध्ये गुंडाळलं आणि मला विचारलं, "तुम्ही ओलांडायचा प्रयत्न केलात?" मी मान हलवली. "परत फिरलात ते बरं केलंत. तिथे माणसं जिवानिशी गेली आहेत."

मी सासूबाईंकडे पाहिलं. बोटीतला एक जण त्यांना उचलायला वाकला होता आणि त्या हातानं त्याला थोपवत मराठीत सांगत होत्या, "राहू दे बाळा, मी चालते."

नवरा किनाऱ्यावर उभा होता, अर्धा वाकलेला, मालकीणबाईंनी धरलेला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. आम्ही तिघीही दिसल्यावर तो तिथेच वाळूत बसला. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी मुलीला आणि आम्हाला तपासलं. शरीराचं तापमान उतरलं होतं, पण हॉस्पिटलला न्यायची गरज नव्हती. मालकीणबाईंनी सगळ्या पलंगांवर गरम पाण्याच्या पिशव्या ठेवल्या आणि सुपाचं पातेलं आणून दिलं. त्यात मटण आहे का, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

सासूबाई दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरापर्यंत झोपल्या. मी किचनमध्ये चहा करत नवऱ्याला सगळं सांगितलं, वहिनीचंही, लक्ष्मी रोडचंही. तो ऐकत होता आणि मध्येच म्हणाला, "आई पहिल्यापासून विसरभोळी आहे. आणि काल तर एवढा शॉक बसला होता तिला."

"शॉकच्या आधी त्या कड्यावर उभ्या होत्या."

"धुकं होतं असं तूच म्हणालीस."

दारात सासूबाई उभ्या होत्या. केस मोकळे, अंगावर शाल. किती ऐकलं होतं कोण जाणे.

"ती म्हणते ते खरं आहे," त्या त्याला म्हणाल्या. "तुला सांगायला मला भीती वाटत होती, कारण तू असंच म्हणणार हे मला माहीत होतं."

उठता येत नव्हतं, म्हणून त्यानं बसल्या जागेवरून हात पुढे केला. सासूबाई त्याच्याशेजारी बसल्या आणि बराच वेळ दोघंही खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर ऊन होतं. ओहोटी होती. बेटापर्यंतची वाळू कालच्यासारखीच चकाकत होती. मी उठून पडदा ओढला.

उरलेले दिवस आम्ही घरातच काढले. मुलीनं तो हिरवा राक्षस मला कपाटात ठेवायला लावला आणि घोड्याचं नाव पुन्हा काढलं नाही. अंघोळीच्या टबमध्ये उतरायला ती पुढे कित्येक महिने तयार नव्हती, शॉवरच घ्यायची. मला अजून स्वप्नात पायाखालची वाळू सरकते. टबची भीती तिची गेली. माझी गेली नाही, मी ती सांभाळून राहते.

सासूबाईंना व्हिसा वाढवून इथे ठेवणं शक्य नव्हतं. नवरा त्यांना घेऊन पुण्याला गेला, दीर-जाऊबाईंना समोर बसवून सांगितलं, डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी जे सांगितलं ते आम्हाला माहीत होतंच. फक्त त्याला आता एक नाव आलं. औषधं सुरू झाली. सुरुवातीला फोनवर त्या बेटाची गोष्ट सगळ्यांना सांगायच्या आणि मी पाण्यातून परत कशी फिरले ते नीट, क्रमानं सांगायच्या. आता सांगत नाहीत.

या डिसेंबरमध्ये मी पुण्याला गेले होते. जाऊबाई भाजी आणायला गेल्या होत्या आणि आम्ही दोघीच गॅलरीत बसलो होतो, शेंगा सोलत. सासूबाईंचे हात झरझर चालत होते. मध्येच त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही कुठे असता?"

मला 'तुम्ही' म्हणाल्या. मी म्हणाले, "वॉटफर्डला."

"लांब आहे का?"

"आहे जरा."

"मग जेवून जा," त्या म्हणाल्या आणि सोललेले दाणे माझ्या वाटीत ओतले.